स्मार्ट पॅनेल, एआय पॅकेज आणि साडेचार हजारांचा कॅमेरा : बॉटनीच्या वर्गात वर्षभर वापरून

पहिल्या महिन्यात रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार दिले असते, तिसऱ्या महिन्यात एक दिला असता आणि तोही रागानं. आता वर्ष झालंय, डोकं जागेवर आहे, म्हणून लिहितेय.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात बॉटनी शिकवते. पोरं आसपासच्या पंचवीस-तीस गावांतनं एसटीनं येतात, बारावीपर्यंत कसंबसं इंग्लिशमधून सायन्स झालेलं असतं, पेपर इंग्लिशमध्ये लिहायचा असतो आणि डोक्यात मात्र सगळं मराठीत चाललेलं असतं. वर्गातली आमची भाषा म्हणजे मिसळ. "हे बघा झायलम, याच्यातनं पाणी वर चढतं, आणि हा फ्लोएम, घरचा डबा पोचवणारा." हे आधीच सांगून ठेवते कारण शहरातल्या एसी वर्गात शिकवणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो, त्यांनी आपापलं बघावं.

तर गेल्या जूनमध्ये कॉलेजनं पॅकेज घेतलं. ७५ इंची इंटरॲक्टिव्ह पॅनेल, चाकांचा स्टँड, पॅनेलच्या मागे खोचायचा छोटा कॉम्प्युटर (त्याला ओपीएस म्हणतात) आणि एक वर्षाचं "एआय टीचिंग असिस्टंट" सबस्क्रिप्शन. सगळं धरून बिल पावणेदोन लाखांच्या आसपास. खरं कारण सगळ्यांना माहितीये, नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) तयारी चालू होती, क्रायटेरियन चारमध्ये इन्फ्रास्ट्रक्चर दाखवायचं असतं आणि आमच्या आयसीटी रूममध्ये तोवर एक प्रोजेक्टर होता ज्याचा दिवा लॉकडाऊनच्या आधी गेला तो गेलाच. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या कॉलेजांतल्या मैत्रिणींशी बोलले तर त्यांच्याकडं वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅनेल आहेत आणि रडगाणं एकच आहे, मग एकालाच कशाला बदनाम करा.

डेमोला आलेला मुलगा गोड होता. "मॅडम तुम्ही फक्त टॉपिक टाका, पीपीटी, क्विझ, लेसन प्लॅन सगळं रेडी." त्यानं फोटोसिंथेसिस टाकलं, पानात सूर्यकिरण घुसले, ऑक्सिजनचे बुडबुडे बाहेर आले, प्रिन्सिपल सरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या. डेमोला सगळीकडं फोटोसिंथेसिसच दाखवतात बहुतेक, त्यात चुकायला जागाच नसते.

आधी पॅनेलचं सांगते. चित्र एक नंबर, शेवटच्या बाकावरून पण नीट दिसतं, खडूचा त्रास नाही, फोटोवरच पेनानं बाण काढून नावं लिहिता येतात आणि तास संपला की सगळं पीडीएफ करून ग्रुपवर टाकता येतं. एवढ्या गोष्टीसाठी तरी मी परत फळ्याकडं जाणार नाही. पण पदर! हे डेमोत कुणी सांगत नाही. या पॅनेलला टच म्हणजे मोबाइलसारखा टच नसतो, काचेच्या चारी कडांना इन्फ्रारेडचे दिवे आणि समोर रिसीव्हर असतात, काचेच्या जरा वर अदृश्य जाळं विणल्यासारखं, त्यात काहीही आडवं आलं की पॅनेलला वाटतं बोट लागलं. बोट, पेन, डस्टर, काहीही. मी वरच्या कोपऱ्यात लिहायला हात उंच केला की खाली पदर काचेला टेकतो आणि मोनोकॉट स्टेमच्या टी.एस.वरून (खोडाच्या आडव्या छेदावरून) एक लालभडक रेघ सळ्ळकन खाली. पहिला आठवडा पोरं नुसती हसत होती. आता पदराला पिन लावून जाते, ओढणीवाल्या मॅडम गाठ मारतात, फुल बाह्यांचे शर्ट घालणारे फिजिक्सचे सर बाही वर करून शिकवतात आणि त्यामुळं भांडायला आल्यासारखे दिसतात. पावसाळ्यात संध्याकाळच्या प्रॅक्टिकलला दिव्यावरची पाखरं येऊन काचेवर बसायची आणि स्लाइड आपोआप पुढं जायची, हेही बघितलंय.

त्याच जाळ्याची दुसरी गंमत म्हणजे ऊन. आमच्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला, दुपारी तीननंतर ऊन सरळ पॅनेलवर आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर, मग टच वेडावतो, तुम्ही इथं लिहा ते तिथं उमटतं. इंजिनिअरला बोलावलं, तो नऊ दिवसांनी आला, म्हणाला पडदा लावा. लावला. पाचशे ऐंशी रुपयांचं कापड, शिवून आणलं शिपाई मामांनी. आणि शेजारच्या फळ्यावर कुणी खडू वापरला की त्याची धूळ खालच्या कडेवर बसते, मग काहीही न करता पॅनेल एकाच जागी दाबल्यासारखं वागतं, तेव्हा मऊ ब्रशनं खालची कड झाडायची, पैसे देऊन इंजिनिअर बोलवायचा नाही. हे एक वाक्य जरी तुम्ही लक्षात ठेवलंत तरी रिव्ह्यू वाचल्याचं सार्थक.

लाइट गेली की संपलं. इन्व्हर्टरवर घेतलं तरी स्विच होताना पॅनेल बंद पडून परत सुरू होतं, त्यात दीड-दोन मिनिटं जातात आणि ४८ मिनिटांच्या तासात दोनदा लाइट गेली की पोरांची लिंक पण जाते. शिवाय पॅनेलच्या आत एक अँड्रॉइड आणि मागच्या डब्यात विंडोज, फाइल एकात सेव्ह केली की दुसऱ्यात शोधत बसायचं. आमच्या एचओडी मॅडम वर्षभर पेन ड्राइव्हच वापरतायत, आणि खरं सांगायचं तर त्याच सगळ्यात सुखी आहेत.

आता खरी गोष्ट. पॅकेजमध्ये नसलेली.

ऑगस्टमध्ये मी स्वतःच्या पैशानं एक यूएसबी कॅमेरा मागवला, मायक्रोस्कोपच्या आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी बसतो तो, साडेचार हजार. तोवर आमच्या प्रॅक्टिकलची पद्धत अशी, बावीस जणांची बॅच, धड चालणारा मायक्रोस्कोप एक, बाकीचे असून नसल्यासारखे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची मायटोसिसची, म्हणजे पेशीविभाजनाची स्लाइड. कांदा चार दिवस आधी बाटलीच्या तोंडावर पाण्याला टेकवून ठेवायचा, मुळं फुटली की सकाळीच टोकं कापून फिक्स करायची, कारण विभाजन सकाळी जास्त सापडतं, मग ॲसिडमध्ये गरम करून मऊ करायची, ॲसिटोकार्मिनचा रंग, वर कव्हरस्लिप, ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्यानं दाब. एवढं सगळं करून मग रांग. प्रत्येकाला वीस सेकंद. त्यात निम्म्यांना स्वतःच्या पापण्याच दिसतात, उरलेल्यांतल्या निम्म्यांना हवेचा बुडबुडा, आणि सगळे म्हणतात "दिसलं मॅडम". जर्नलमध्ये मग जाड काळ्या कडेचा गोल काढलेला असतो, तो बुडबुडाच असतो, वर नाव लिहिलेलं असतं इंटरफेज, म्हणजे विभाजनाआधीची पेशी. पंधरा वर्षं मी बुडबुडे सर्टिफाय केलेत, खोटं कशाला बोलू.

कॅमेरा लावला, वायर पॅनेलला, आणि आमच्याच कांद्याची, आमच्याच रंगाची स्लाइड ७५ इंचावर. वर्ग गप्प. मग भांडणं सुरू. विभाजनाची ही पायरी मेटाफेज का अजून प्रोफेज? गुणसूत्रं मोजायला लावली, कांद्याची सोळा असतात, एकजण म्हणाला चौदा, एक म्हणाली सतरा, कारण एकमेकांवर पडलेली असतात ना, पुस्तकात कशी सगळी सुटी सुटी मांडलेली असतात. मागच्या बाकावरचा एक पोरगा, त्यानं दोन सेमिस्टरमध्ये तोंड उघडलेलं मला आठवत नाही, तो उठून पुढं आला आणि एका पेशीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम ही ॲनाफेज आहे, दोन्हीकडनं ओढल्यात बघा." बोट लागल्याबरोबर पॅनेलनं मेनू उघडला आणि ॲनाफेज झाकली गेली, पण तोवर सगळ्यांनी बघितली होती.

म्हणजे पॅनेलचे पैसे वसूल झाले ते त्या दिवशी, आणि ते साडेचार हजारांच्या कॅमेऱ्यामुळं. त्यानंतर बॅचमध्ये कुणीही बुडबुडा काढला नाही. बरं, एकानं काढला. पण त्यानं बाजूला "एअर बबल" असं लिहिलं होतं, त्याला पूर्ण मार्क दिले.

आता एआय. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन पक्ष पडले, एक म्हणायचा आता आपली नोकरी गेली, दुसरा म्हणायचा हे सगळं थोतांड आहे. मी मधल्या बाकावर. पॅकेजमधलं एआय असिस्टंट म्हणजे तसलंच काहीतरी, वर कंपनीचा रंग. आणि शिक्षकाच्या कागदी कामाला ते फार म्हणजे फारच चांगलं आहे, याबद्दल नाकं मुरडणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. एनईपी (नवं शैक्षणिक धोरण) आल्यापासून नवा सिलॅबस, नवी क्रेडिटं, प्रत्येक पेपरचे कोर्स आउटकम लिहा, ते प्रोग्राम आउटकमशी जोडा, तक्ता भरा. ज्या कामाला माझा रविवार जायचा ते काम अर्ध्या तासात होतं. एमसीक्यू पण काढून देतं, वीस मागितले तर बारा-तेरा वापरण्यासारखे निघतात, बाकीचे एकतर फारच बाळबोध नाहीतर दोन-दोन उत्तरं बरोबर असलेले. एक मात्र बघा, बरोबर उत्तर बहुतेक वेळा सगळ्यात लांब ऑप्शन असतं. हे मला कळलं नव्हतं, पोरांना दुसऱ्या टेस्टलाच कळलं. "मॅडम, वाचायचं पण नाही, लांबडं टिक करायचं." त्या टेस्टला वर्गाचा ॲव्हरेज इतका वर गेला की मी दोन दिवस स्वतःच्या शिकवण्यावर खूश होते.

मराठीचं सांगते, कारण आपल्याकडं सगळे हेच विचारतात. पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी ब्रिज कोर्सला मला सोप्या मराठीत एक हँडआउट हवं होतं, पेशीविभाजनावर. रात्री अकरा वाजता असिस्टंटला सांगितलं, त्यानं दीड पान धडाधड लिहून दिलं, वरवर बघितलं, ठीक वाटलं, सकाळी कॉलेजच्या कोपऱ्यावर साठ झेरॉक्स काढल्या आणि वाटल्या. दोन मिनिटांत वर्गात खुसखुस. एका पोरीनं उठून वाचून दाखवलं, "कांद्याच्या जडाच्या टोकावरील कोशिकांमध्ये समसूत्री विभाजन दिसते." जड! कांद्याला जड कधीपासून आली? मूळ म्हणायचं, पेशी म्हणायची, सूत्री विभाजन म्हणायचं, तर हिंदीचे शब्द उचलून मराठीच्या वाक्यात बसवलेले, खोड लिहायचं तिथं तना. लिपी एकच असल्यामुळं मशीनचा गोंधळ उडत असावा, हिंदी मजकूर ढीगभर आणि आपला मूठभर. चूक त्याची होतीच पण न वाचता झेरॉक्स काढणारी मी होते. त्यानंतर पुढचे पंधरा दिवस कॉरिडॉरमध्ये "काय जड झालंय का" असं ऐकू यायचं.

उपाय सोपा निघाला. भाषा संचालनालयाचा वनस्पतिशास्त्राचा परिभाषा कोश आहे, त्यातले आपल्याला रोज लागणारे चाळीसएक शब्द एका फाइलमध्ये टाइप करून ठेवले आणि प्रत्येक वेळी आधी ती यादी चिकटवते, "हेच शब्द वापर" म्हणून सांगते, मग नव्वद टक्के गाडी रुळावर राहते. आणि ज्यांनी पूर्वी कधीतरी मराठीत ट्राय करून सोडून दिलं त्यांनी परत बघा, कारण हे बदललंय. पूर्वी या मशीन मराठी वाक्याचे इतके बारीक तुकडे करायच्या की लिमिट लगेच संपायची आणि वेळ पण लागायचा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणलं तेव्हा स्वतःच आकडा दिला होता, जे मराठी वाक्य आधी ९६ तुकड्यांत जायचं ते आता ३३ मध्ये जातं. तो फरक जाणवतो. फक्त तुमच्या जुन्या नोट्स जर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, माझ्या २०१४ पर्यंतच्या सगळ्या तशाच आहेत, तर त्या चिकटवून उपयोग नाही, मशीनला ते भलतंसलतं इंग्लिश दिसतं. आधी कन्व्हर्टरमधून काढायच्या, मग जोडाक्षरं हातानं दुरुस्त करायची. माझी दिवाळीची सुट्टी त्यात गेली.

चित्रांच्या बाबतीत मात्र एआयला मी शून्य देईन आणि तरीही त्यातनंच माझा वर्षातला सगळ्यात भारी तास झाला. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढून मागितला. आला एकदम कॅलेंडरवर छापावा असा. पण जास्वंदीत सगळे पुंकेसर जुळून एक नळी होते आणि त्या नळीच्या आतनं स्टाइल (स्त्रीकेसराची दांडी) वर येते, बारावीच्या पोराला पण माहिती असतं, इथं पुंकेसर लिलीसारखे सुटे सुटे उभे. लेबलं तर विचारूच नका, ओव्हरीच्या स्पेलिंगची तीन रूपं एकाच चित्रात. चिडून डिलीट करणार होते, मग म्हटलं थांब. त्याच चित्राची प्रिंट काढली, प्रत्येक बाकावर एक प्रिंट, एक ब्लेड आणि घरनं आणलेली एक जास्वंद, आणि सांगितलं चुका शोधा. (सिंगल जास्वंद आणा असं आधी बजावायचं, डबलमध्ये पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग सगळा घोटाळा.) मी स्वतः पाच चुका काढून ठेवल्या होत्या. पोरांनी आठ काढल्या. एपिकॅलिक्स, म्हणजे फुलाच्या खाली हिरव्या पट्ट्यांची जी दुसरी बारकी रांग असते, ती चित्रात नाहीच हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते देवाला रोज फुलं तोडणाऱ्या पोरीला कळलं. नुसतं "मालव्हेसीची (जास्वंदीच्या कुळाची) लक्षणं लिहा" सांगितलं असतं तर सगळ्यांनी पाठ केलेलं उतरवलं असतं.

पण नाण्याची दुसरी बाजू कास पठारावर बघायला मिळाली.

सप्टेंबरला आम्ही दरवर्षी कासला नेतो. आमच्यापासून जवळच आहे, पश्चिम घाटाच्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं त्यातलं एक. अडतीस पोरं, दोन बस, दिवसभर पाऊस, मी स्वतः कारवीची झुडपं दाखवली, पान हातात दिलं, खरखरीत असतं ते, सांगितलं की ही साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की मरते. पुढच्या सोमवारी फील्ड रिपोर्ट आले. देखणे, टाइप केलेले, हेडिंग ठळक. अडतीसपैकी चौदा रिपोर्टांत लिहिलेलं, कारवी दर बारा वर्षांनी फुलते आणि त्या वेळी मुन्नारचे डोंगर निळे होतात. अरे मुन्नार? ती नीलकुरिंजी! त्याच वंशातली, स्ट्रोबिलँथिसच, पण प्रजाती वेगळी, केरळ-तामिळनाडूची, तिचं चक्र बारा वर्षांचं. मशीनला कारवी विचारली, तिनं जास्त प्रसिद्ध असलेल्या चुलत बहिणीची माहिती दिली, आणि जी पोरं सात दिवसांपूर्वी कारवीला हात लावून आली होती त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली. मला राग आला तो चोरीचा नाही. पावसात भिजून, पायाला जळवा लावून घेऊन, प्रत्यक्ष बघून आल्यावर पण त्यांना स्वतःच्या डोळ्यापेक्षा मोबाइलचं खरं वाटलं, याचा आला.

मग ओघानं डिटेक्टर. स्टाफरूममध्ये कुणीतरी एक फुकटची साइट आणली, मजकूर टाकला की सांगते किती टक्के एआयनं लिहिलंय. दोन दिवस सगळे पोरांचे रिपोर्ट त्यात टाकत होते आणि निकाल लावत होते. मी माझ्या एमएस्सीच्या डेझर्टेशनमधला एक परिच्छेद टाकला, २००८ चा, टायपिंगवाल्याकडं बसून टाइप करून घेतलेला. ७४ टक्के एआय! २००८ मध्ये! प्रिंट काढून नोटीस बोर्डाला लावली. गंमत सोडा, पण यात पोरांचं नुकसान होतं म्हणून लिहितेय. खुद्द ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये असला डिटेक्टर काढला होता, त्यांच्याच आकड्यांनुसार एआयनं लिहिलेल्यातलं २६ टक्केच तो पकडायचा आणि माणसानं लिहिलेलं ९ टक्के वेळा एआयचं म्हणायचा, जुलैत त्यांनी तो बंदच केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांना टोफेल या इंग्लिशच्या परीक्षेचे ९१ निबंध दिले, इंग्लिश ज्यांची भाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरवले गेले. कारण उघड आहे, ज्याच्याकडं शब्द कमी तो ठराविक साच्यातलं इंग्लिश लिहितो, आणि साच्यातलं दिसलं की डिटेक्टर म्हणतो मशीन. आमची सगळीच पोरं साच्यातलं इंग्लिश लिहितात, आम्हीच शिकवलंय तसं. आणि काही सर लोक प्लेजिअरिझमच्या टक्क्यांशी याची गल्लत करतात, यूजीसीच्या २०१८ च्या नियमातले ते १० टक्के वगैरे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळण्याबद्दल आहेत, एआयशी त्याचा काही संबंध नाही.

त्यामुळं मी पकडापकडी सोडली. आता रिपोर्टाला मार्क थोडेच, बाकीचे तोंडी. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर त्याचीच हर्बेरियम शीट (वाळवलेलं झाड चिकटवलेला कागद), आणि प्रश्न असले की हे कुठल्या बांधावरनं उपटलं, शेजारी काय होतं, घरी याला काय म्हणतात. मोबाइलवर विचारलं तर विचारू दे, फोटोवरून झाड ओळखणारी ॲप मी स्वतः वापरते, घाणेरी, गाजर गवत, कुर्डू असलं काही असेल तर एका फोटोत बरोबर सांगतात. गवतावर मात्र आपटतात, तिथं भिंगाखाली स्पाइकलेट (गवताच्या फुलांचा बारका झुपका) उघडून बघितल्याशिवाय माणसाला पण कळत नाही. एका पोरानं कुर्डूच्या शीटवर लोकल नेममध्ये लिहिलं होतं, "कुर्डू. आजी म्हणते पहिल्या पावसाच्या पानांचीच भाजी करायची, तुरा आला की नाही." हे कुठल्या मशीननं सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि सांगितलं असलं तरी विचारल्यावर त्यानं आजीचं नाव, गाव आणि भाजीत लसूण किती घालायचा तेही सांगितलं. विषय संपला. अडतीस जणांना तोंडीला दोन दुपार जातात, घसा बसतो, पण बुडबुडे सर्टिफाय करण्यापेक्षा बरं.

एक चांगली गोष्ट राहिली. नोटबुकएलएम, गूगलचं. आपण दिलेल्या फाइलमधूनच उत्तर देतं आणि कुठनं घेतलं ते पण दाखवतं, शिवाय २०२५ च्या एप्रिलपासून फाइलवर दोन आवाजांतली चर्चा पन्नासहून जास्त भाषांत बनवता येते, मराठीत पण. माझ्याच नोट्स टाकून बनवते, एसटीत येता-जाता पोरं ऐकतात. मला त्याचा खरा उपयोग झाला तो कुकसाहेबांच्या फ्लोरासाठी. थिओडोर कुक, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपल होते, त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेले १९०१ ते १९०८ मधले खंड, कॉपीराइट केव्हाच संपलाय, स्कॅन नेटवर मिळतात. ते टाकून पोरांना विचारायला लावलं की आपल्या भागातल्या अमुक झाडाबद्दल शंभर वर्षांपूर्वी काय लिहिलंय. नावं आता बदललीत, स्कॅनमध्ये अक्षरं फुटलीत, तरी पानाचा संदर्भ येतो म्हणून उघडून ताडून बघता येतं. प्रकाशकांची चालू पुस्तकं मात्र टाकू नका, आणि हजेरीपट, मार्क, पोरांचे फोन नंबर तर कुठल्याच फुकट एआयला देऊ नका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा वाचलाय का विचारलं की आमच्याकडं सगळे पंख्याकडं बघतात.

स्टार द्यायचेच तर, पॅनेलला साडेतीन, पडदा आणि पिन धरून. पॅकेजमधल्या एआयला शिक्षकाच्या कागदपत्रांसाठी चार, पोरांना शिकवण्यासाठी दीड, चित्रांसाठी वर सांगितलंच. सर्व्हिसला एक, कारण नऊ दिवस. घेणार असाल तर डेमोला फोटोसिंथेसिस बघू नका, तुमच्याच विषयातली तुमच्याच तालुक्यातली एखादी गोष्ट टाइप करायला सांगा आणि त्या मुलाचा चेहरा बघा. दुपारी तीनला खिडकी उघडी ठेवून टच चालतो का बघा. साडी नेसून जा.

मागच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला होता, एआयचं सबस्क्रिप्शन रिन्यू करायचं, अठरा हजार, लवकर केलंत तर पंधरा. मी प्रिन्सिपल सरांना एक पानाचा अर्ज दिलाय की रिन्यूअल नको, त्या पैशात तीन कॅमेरे येतील, झूलॉजीला पण एक देता येईल. अर्ज एआयकडूनच लिहून घेतला, चार वेळा "सविनय" होतं, तीन काढले. फाइल अजून ऑफिसात आहे.